मध्यस्थीच्या खोलीत जोडीदार संतापतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज आहे आणि न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं आहे. दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत नवरा आवाज चढवून बोलला, दुसऱ्या बैठकीत टेबलावरचे कागद भिरकावून उठून गेला. सात वर्षांची मुलगी आईजवळ आहे. कोथरूडचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि त्यावरचं कर्ज चालू आहे. पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. "ते ओरडायला लागले की माझं डोकं बंद पडतं आणि काहीतरी कबूल करून मी मोकळी होते. काय करू?"

ताई, तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. नवऱ्याचा राग घालवणं तुमच्या हातात नाही, आणि तीन आठवड्यांत तो जाणारही नाही. त्या रागाच्या भरात तुमच्याकडून काय कबूल करून घेतलं जातं, ते मात्र तुम्हाला आवरता येतं. खाली जे लिहितो आहे ते सगळं त्यासाठी आहे.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा आणि खरं उत्तर द्या: त्यांच्यासमोर बसून "नाही, हे मला मान्य नाही" असं म्हणता येतं का? घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागेल अशी भीती वाटते का? पूर्वी मारहाण झाली असेल, ते पाठलाग करत असतील, तुमचा फोन तपासत असतील किंवा माहेरच्या दारात येऊन तमाशा करत असतील, तर हा नुसता रागाचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी समोरासमोर बसायला स्पष्ट नकार द्या. दोघांना वेगवेगळं बसवा किंवा व्हिडिओवर बैठक घ्या, अशी मागणी वकिलांमार्फत करता येते. मध्यस्थी दोघांच्या इच्छेवर चालते, ती थांबवली म्हणून तुमच्या मूळ अर्जाचं काही बिघडत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आणि राहत्या घराचा अंतरिम आदेश कलम २३ खाली मागता येतो, त्यासाठी मध्यस्थी संपायची वाट बघावी लागत नाही. तातडीच्या वेळी ११२, महिला हेल्पलाइन १८१. पुणे पोलिसांचा भरोसा सेल, म्हणजे स्त्रियांच्या तक्रारींसाठीचा कक्षही आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि हे अनेक जणींना माहीतच नसतं.

"तू सोडून गेलीस तर मी जिवाचं बरंवाईट करीन" असं ते म्हणत असतील, तर ते खरंच धरा. त्यांच्या भावाला किंवा आईवडिलांना लगेच कळवा, मध्यस्थांना सांगा, १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर त्यांच्या घरच्यांना द्या. पण त्या बोलण्यापोटी कुठलीही अट मान्य करू नका. मदत मिळवून देणं आणि वाटाघाटीत माघार घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

असं काही नसेल आणि राग शब्दांपुरता असेल, तर पुढचं वाचा.

बऱ्याच प्रकरणांत राग भडकतो तो एका गोंधळामुळे. मध्यस्थीत खरं तर दोन प्रश्न असतात. एकत्र राहायचं का, हा पहिला. वेगळं व्हायचं तर कसं, हा दुसरा. ज्याने अर्ज केला त्याचं मन पहिल्या प्रश्नाशी वर्ष-दोन वर्षं झगडून मोकळं झालेलं असतं. ज्याच्या हातात नोटीस पडली त्याचं झगडणं नोटिशीच्या दिवशी सुरू होतं. तुम्ही फ्लॅटच्या हिश्श्यावर बोलता तेव्हा ते अजून "माझं काय चुकलं" यावरच अडलेले असतात. तुमचा आकडा त्यांच्या कानाला अपमान वाटतो. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ चं कलम ९ न्यायालयाला आधी तडजोडीचा प्रयत्न करायला सांगतं, त्यामुळे समुपदेशकही सुरुवातीला संसार टिकतो का तेच बघतात. ते योग्यच आहे. पण तो विषय अर्धवट सोडून एकदम पैशांवर उडी मारली की स्फोट होतो.

म्हणून पुढच्या बैठकीत मध्यस्थांना सुरुवातीलाच सांगा: "पहिला अर्धा तास ह्यांना जे बोलायचं आहे ते बोलू द्या, मी मध्ये बोलणार नाही. त्यानंतर मला एकत्र राहायचं नाही हे मी एकदाच, स्पष्ट सांगेन. मग मुलीचं आणि घराचं बोलू." हा अर्धा तास वाया जात नाही. ज्याचं कोणी ऐकून घेतलेलं नाही, तो माणूस प्रत्येक आकड्याच्या आडून तीच तक्रार पुन्हा मांडत राहतो. ऐकून घेताना "तुम्हाला अचानक नोटीस मिळाली, याचा त्रास झाला, हे मला कळतं" एवढं म्हणता आलं तर म्हणा. त्यात कुठलीही चूक कबूल होत नाही. "माझं चुकलं" असं मात्र केवळ समोरच्याला गप्प करण्यासाठी म्हणू नका.

सगळा राग दुःखातून येत नाही. काही वेळा तो नेमका एका विषयावर येतो. आठवा, कागद भिरकावले तेव्हा विषय कुठला चालू होता? मागच्या दोन बैठकींची टिपणं काढा, दोन रकाने पुरेत: कशाबद्दल बोलत होतो, त्यानंतर काय झालं. पगाराच्या स्लिपा मागितल्या की दरवेळी आरडाओरडा होत असेल, तर तिथे काहीतरी झाकायचं आहे असं समजून चाला. मुलीच्या भेटीचा विषय निघाला की आवाज फुटत असेल, तर ती बापाची भीती आहे, मुलगी आपल्याला विसरेल याची. पहिल्याला कागदांनी उत्तर द्यायचं, दुसऱ्याला वेळापत्रकाने. दोन्हीकडे एकच औषध लावलं तर गुण येत नाही.

कागदांचं आधी सांगतो, कारण हातात कागद असला की तुमचं डोकं बंद पडण्याचं प्रमाण बरंच कमी होईल. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र ठराविक नमुन्यात द्यावं असं ठरवून दिलं. तुमचं स्वतःचं आधी पूर्ण करा, मग त्यांचं मागा. त्यांनी चिडून नकार दिला तर वाद घालू नका. "मग ते न्यायाधीशांसमोर प्रतिज्ञापत्रावर देऊ या" एवढं बोलून पुढच्या मुद्द्यावर जा. सोबत ठेवा: तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, सहा महिन्यांच्या पगार स्लिपा आणि बँक स्टेटमेंट, कर्ज किती शिल्लक आहे याचं बँकेचं पत्र, फ्लॅटचा करारनामा, शाळेच्या फीच्या पावत्या आणि स्त्रीधनाची यादी. यादीत प्रत्येक दागिन्यापुढे वजन, कोणी दिला, आता कुठे आहे आणि फोटो किंवा बिल आहे का, हे लिहा. "सगळे दागिने" असं मोघम लिहिलं की त्यावर तासभर भांडण होतं. "दोन पाटल्या, चार तोळे, सासूबाईंच्या लॉकरमध्ये" यावर पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

फ्लॅटचा हिशोबही एका कागदावर मांडून न्या. समजा बाजारभाव ९५ लाख आहे आणि कर्ज ३८ लाख शिल्लक आहे, तर वाटण्याजोगे ५७ लाख उरतात, निम्मे साडेअठ्ठावीस. यावर ते म्हणतील, "हप्ते मी भरले." हा मुद्दा खोटा नाही. आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप निम्मी-निम्मी होत नाही, करारनाम्यात नावं कशी आहेत आणि पैसे कोणी भरले हे बघितलं जातं. म्हणून त्याच कागदावर तुमची बाजू लिहा: डाउन पेमेंटमध्ये तुमचे किती, किती वर्षं तुमच्या पगारावर घरखर्च चालला. आणि दोन आकडे मनाशी ठरवून ठेवा, एक मागायचा आणि एक ज्याच्या खाली यायचं नाही. खालचा आकडा त्या कागदावर लिहू नका, तो वकिलांना सांगून ठेवा. ओरडा सुरू झाल्यावर नवीन आकडा काढायचा नाही हा नियम घरूनच पक्का करून निघा.

आता प्रत्यक्ष खोलीत. दाराच्या जवळची खुर्ची घ्या. त्यांच्या थेट समोर बसू नका, मध्यस्थ दोघांच्या मध्ये येतील असं बसा. आवाज चढला की त्यांच्याकडे न बघता मध्यस्थांकडे बघून बोला. उत्तर देण्याआधी एक पूर्ण श्वास सोडा, घाई करण्याची गरज नसते. राग अंगात भिनला की शरीर निवळायला साधारण वीस मिनिटं तरी जातात, त्यामुळे पाच मिनिटांची विश्रांती उपयोगाची नाही. वीस मिनिटं मागा, आणि तीही ओरडा शिगेला पोचण्याआधी. तुमची खूण ओळखा. कान तापतात, हात गार पडतात, तोंड कोरडं होतं, जे काही होत असेल ते. ती जाणवली की हात वर करून "मला बाहेर जायचं आहे" म्हणा. मध्यस्थांना याची कल्पना आधी दिलेली असली की ते कारण विचारत बसणार नाहीत.

बोलायचं काय, तर टोमण्याला उत्तर नाही, टोमण्यातल्या विषयाला उत्तर. उदाहरण घ्या.

ते म्हणतात, "तुला फक्त पैसा हवाय. तुझ्या बापाने शिकवून पाठवलंय."

मनात येतं, "माझ्या बाबांचं नाव घ्यायचं काम नाही." इथून पुढचा तास दोन्ही घरांच्या सात पिढ्यांवर जातो.

म्हणायचं असं: "मुलीची शाळेची फी जूनमध्ये भरायची आहे, सत्तर हजार. ती कोण आणि कशी भरणार, हे आज ठरवू या."

वडिलांचा अपमान गिळायला मी सांगतो आहे असं वाटेल. तो अपमानच आहे. पण त्याचा निकाल या खोलीत लागत नाही, फीचा लागतो. शिवीगाळ झाली तर मात्र गिळू नका. "ही भाषा चालू राहिली तर मी आजची बैठक थांबवते" असं एकदा सांगा आणि पुन्हा झालं तर खरोखर उठा. दुसऱ्यांदा नुसती ताकीद दिलीत की तिची किंमत संपते.

स्वतंत्र बैठक हे मध्यस्थीतलं सगळ्यात मोठं साधन आहे आणि लोक ते मागतच नाहीत. मध्यस्थ आधी एकाशी, मग दुसऱ्याशी वेगळं बोलतात आणि प्रस्ताव इकडून तिकडे नेतात. तुमच्या परिस्थितीत तिसरी बैठक तशीच सुरू करायला सांगा. समोर प्रेक्षक नसला की बऱ्याच माणसांचा आवाज आपोआप खाली येतो. फक्त प्रत्येक गोष्टीबद्दल स्पष्ट सांगा: हे त्यांना सांगितलं तरी चालेल, हे तुमच्यापाशीच ठेवा. न सांगता सगळं समजून घेतील या भरवशावर राहू नका.

मध्यस्थीत बोललेलं पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. प्रकरण मिटलं नाही तर मध्यस्थांनी न्यायालयाला मध्यस्थी यशस्वी झाली नाही एवढंच कळवायचं असतं, कोण काय बोललं ते नाही. त्यामुळे ते ओरडतात हे न्यायाधीशांना ऐकवण्यासाठी फोनवर चोरून रेकॉर्डिंग करू नका. उपयोग होत नाही, आणि पकडलं गेलं तर बोलणी तिथेच मोडतात. धमकीचं मात्र वेगळं आहे. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात गुन्ह्याची धमकी, कौटुंबिक हिंसा आणि मुलांच्या छळाची माहिती यांना गोपनीयतेचं संरक्षण दिलेलं नाही. "बाहेर भेट, दाखवतो" असं कोणी म्हटलं तर त्याच मिनिटाला मध्यस्थांना आणि वकिलांना सांगा.

खोलीबाहेरचा भाग लोक विसरतात. शिवाजीनगरच्या कोर्टात व्हरांड्यात दोन्हीकडची माणसं समोरासमोर उभी असतात: सासूबाई, दीर, मामा. आत मिटत आलेलं बाहेरच्या एका वाक्याने फिसकटतं. सोबत एकच माणूस न्या, आणि तो असा हवा की जो तोंड उघडणार नाही. तुमचा भाऊ तापट असेल तर त्याला घरी ठेवा, मैत्रिणीला आणा. बैठक संपल्यावर दोघांनी एकाच वेळी निघू नये. मध्यस्थांना सांगून पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवा. गाडी पार्किंगमध्ये असेल आणि तिथे गाठ पडायची शक्यता असेल, तर त्या दिवशी जिल्हा न्यायालय स्थानकावरून मेट्रो धरा. वकिलांशीही आधी बोलून घ्या. समोरच्याला उचकवणारं एक वाक्य वकिलाच्या तोंडून गेलं तरी राग तुमच्यावरच निघतो. संयुक्त बैठकीत ते फक्त कायद्याच्या मुद्द्यावर बोलतील असं ठरवा.

दोन तारखांच्या मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर जे चालतं त्याने पुढची बैठक घडते किंवा बिघडते. रात्री साडेअकराला सतरा मेसेज आले तर रात्री उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या सतरांपैकी ज्याला उत्तर द्यायलाच हवं त्या एकालाच, दोन-तीन ओळींत: "शनिवारी सकाळी ११ वाजता मुलगी तयार असेल. सायंकाळी ६ ला सोसायटीच्या गेटवर आणून सोडा." त्यात विशेषण नाही, जुनी आठवण नाही. हे मेसेज न्यायालयात जाऊ शकतात, म्हणून प्रत्येक मेसेज न्यायाधीश वाचणार आहेत असं धरूनच लिहा. आणि मुलीच्या हातून निरोप कधीही पाठवू नका, "बाबांना सांग फी भरा" एवढासुद्धा.

मुलीबद्दलच्या अटी जितक्या बारीक लिहाल तितकी पुढची भांडणं कमी होतील. "योग्य वेळी भेट" हे शब्द मसुद्यात दिसले तर खोडायला लावा. पहिला आणि तिसरा शनिवार सकाळी ११ ते रविवार सायंकाळी ६. बुधवारी साडेसातला पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल. मे महिन्याच्या सुट्टीतला पहिला अर्धा कोणाकडे, दुसरा कोणाकडे. सणांचं तर नावानिशी लिहा. "दिवाळी निम्मी-निम्मी" लिहिलं की लक्ष्मीपूजन कोणाकडे आणि भाऊबीज कोणाकडे यावर वसुबारसेलाच फोनाफोनी सुरू होते. गणपती त्यांच्या घरी बसतो आणि गौरी तुमच्या माहेरी येतात, तर ते दिवसही लिहा. मुलगी आजारी पडली तर हुकलेली भेट कधी भरून द्यायची, हेही. ज्या बापाला पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा कागदावर दिसतात, त्याचा राग या एका विषयापुरता तरी खाली येतो. म्हणून पैशांच्या आधी हा विषय घ्या.

पैशांच्या अटींत रागाची सोय आधीच करून ठेवावी लागते. संमतीने घटस्फोट घ्यायचा ठरला तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्ज दाखल झाल्यापासून दुसऱ्या मोशनपर्यंत, म्हणजे दोघांनी न्यायालयात पुन्हा संमती देण्यापर्यंत, सहा महिने. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालानंतर हे सहा महिने न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं. पण घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो, आणि चिडका माणूस नेमकं तेच करतो. म्हणून रक्कम आणि तुमच्या जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने बांधा: काही भाग अर्ज दाखल करताना डीडीने, काही इतर प्रकरणं मागे घेताना, उरलेला दुसऱ्या मोशनच्या दिवशी न्यायालयातच. सगळी प्रकरणं आधी मागे घेऊन नंतर पैशांची वाट बघत बसू नका. पोलिसांत सासरच्या छळाची, म्हणजे जुन्या ४९८अ ची आणि आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ ची तक्रार असेल, तर ती चौकीत जाऊन मागे घेता येत नाही. रद्द करायला मुंबईला उच्च न्यायालयात जावं लागतं. तो खर्च कोणाचा आणि किती दिवसांत, हेही कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करायच्या समझोत्याच्या अटींत लिहा.

कर्जाचं एक कलम हमखास राहून जातं. फ्लॅट ते ठेवणार आणि हप्ते तेच भरणार असं तुम्ही दोघांनी लिहिलं, तरी बँकेला ते बांधील नाही. तुमचं नाव कर्जावर आहे तोवर थकलेल्या हप्त्याची नोटीस तुम्हालाही येणार. बँकेकडून तुमचं नाव काढल्याचं पत्र मिळेपर्यंत फ्लॅटवरचा हक्क सोडू नका. हक्क बक्षीसपत्राने द्यायचा असेल तर मुद्रांक शुल्कातली मोठी सवलत नवरा-बायको या नात्याला आहे, आणि घटस्फोटानंतर ते नातं उरत नाही. दस्त कधी करायचा हे वकिलांना आधीच विचारा. मुलीची पोटगी "सोडून दिली" असंही लिहून देऊ नका, तो हक्क तिचा आहे.

सही त्याच दिवशी करायची नाही. कितीही छान जमलं, सगळे थकले, मध्यस्थ म्हणाले आजच उरकू या, तरी मसुदा घरी न्या, दोन रात्री झोपून उठा, वकिलांना दाखवा आणि मग सही. "काहीतरी कबूल करून मोकळी होते" या तुमच्या सवयीवर एवढा एकच उपाय केलात तरी बराच फरक पडेल. न्यायाधीश नंतर विचारतीलच, राजीखुशीने करता का म्हणून. त्या वेळी मागे फिरण्यापेक्षा आधीचे दोन दिवस स्वस्त पडतात.

तिसऱ्या बैठकीतही कागद भिरकावले गेले, तर चौथी मागायची की थांबायचं हे टिपणांवरून ठरवा. एखादा मुद्दा तरी सुटला असेल, भेटीच्या वेळा किंवा दागिन्यांची यादी, तर तेवढ्यापुरता लेखी समझोता करून घ्या आणि बाकीचं न्यायालयावर सोडा. काहीच हललं नसेल तर थांबा. आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा अर्ज केलेला नसेल तर आत्ताच करा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत तो निकाली काढावा असं कायदाच म्हणतो. "आधी तो अर्ज मागे घे, मग बोलू" ही अट त्यांच्याकडून येईल, बहुतेक मोठ्या आवाजातच येईल. तो अर्ज मागे घेऊ नका.